सुतकातला दसरा

माझ्या सासूबाईंना मी त्या चांगल्या धडधाकट असताना मारलं. हातात ना काठी होती ना कोयता, नुसता मोबाईल होता. दसऱ्याच्या आदल्या दुपारी गोठ्यामागं उभं राहून मी परराज्यातल्या एका भल्या माणसाला सांगितलं की आमची म्हातारी गेली. त्याच वेळी आमची म्हातारी ओसरीवर बसून माझ्या नावानं ओरडत होती, की चहात साखर कुणी घालायची.

हे मी कोवळ्या वयात केलं असतं तर निदान वयावर ढकलता आलं असतं. पण तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. कपाळाला मोठ्ठं कुंकू, नऊ दिवस अनवाणी, आणि गावात कुणाला काही अडलं की, "त्यांना विचारा, त्यांना सगळं शास्त्र माहीत आहे," असा माझा लौकिक. ती बाई आज समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग दाराची कडी लावून घेईन, म्हणजे तिला कुठं फोन करायला जाता येणार नाही.

आमचा मुलगा कबड्डी खेळायचा. आधी शाळेच्या मैदानावर, मग तालुक्याला, राहात्याच्या मंडळाकडून, आणि एका वर्षी टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत एका संघानं त्याला बोली लावून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "बैलाचा बाजार लई बगितला. पोराचा पयल्यांदा ऐकला." पण त्यांनीच सगळ्या आळीत गूळ वाटला.

पहिल्या हंगामात तो राखीवच होता. सामना सुरू झाला की आम्ही टीव्हीसमोर, आणि तो तिकडं बाकावर, गळ्यात टॉवेल घालून. कॅमेरा कधी चुकून बाकावरून फिरला की सासूबाई म्हणायच्या, "आला गं टावेल." एवढंच आमचं दर्शन.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळच्या सामन्यात तो पहिल्यापासून उतरणार होता. चढाईच्या खेळाडूचा गुडघा दुखावला होता म्हणून याची पाळी आली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं सांगितलंच नाही, कारण चांगली गोष्ट घडायच्या आधी बोलू नये, दृष्ट लागते, हे मीच त्याला लहानपणापासून शिकवलेलं. माझीच शिकवण, माझ्याच अंगाशी आली.

मला फक्त एवढं माहीत होतं की दसऱ्याला आमच्या गावच्या देवीची पालखी शिवेपर्यंत जाते, सीमोल्लंघनाला, आणि पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा असतो. हा मान पिढ्यांचा. पण आमचे हे दसऱ्याला कधी गावात नसायचे. आमचा झेंडूचा मळा. दसऱ्याच्या दिवशी झेंडूला जो भाव, तो दुसऱ्या दिवशी नाही, आणि शिर्डीत तर त्या दिवशी मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. हे पहाटेच टेम्पो भरून जायचे ते दिवेलागणीला परत. म्हणून घरचा खांदा चुलत दीर द्यायचे, आणि त्यांची बायको पालखीमागून अशी चालायची की जणू देवी तिच्याच पोटची. वर्षानुवर्षं मी ती चाल बघितली होती. यंदा माझा टीव्हीतला मुलगा दांडीखाली असेल, डोक्यावर फेटा, फेट्यात घटातलं धान खोवलेलं, आणि मागं मी. माझी चाल मी घरात सराव करून ठेवली होती. खोटं वाटेल, पण स्वयंपाकघर ते न्हाणी अशी चालून बघितली होती.

मी त्याला आधी सरळ विचारलं होतं.

"दसऱ्याला ये."

"आई, त्या दिवशी सामना आहे. यंदा नाही जमत."

"सणाच्या दिवशी कसले सामने ठेवतात रे? त्यांना आईबाप नाहीत?"

"सणालाच लोक घरी असतात ना. घरी असतात म्हणून बघतात."

"मग बघणारे घरी आणि खेळणारे बाहेर?"

"आई, मला खेळायचंय," तो म्हणाला.

ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. कान तेव्हा चांगले होते.

संघाच्या व्यवस्थापकाचा नंबर घरात होता. मी माझ्या हिंदीत तयारी केली, गाईला दोन-तीनदा म्हणून दाखवलं, आणि फोन लावला. तो माणूस इतक्या मायेनं बोलला की मला त्याच वेळी कळायला हवं होतं. "माताजी, आप हिम्मत रखिए. हम उसे सुबह के पहले विमान से भेजते हैं." तिकिटाचं काही बोलूसुद्धा दिलं नाही. मी पदर डोळ्याला लावला. पदराला कांद्याचा वास होता, त्यामुळं पाणीही आलं. मग मी फोन बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवून दिला, म्हणजे पोरगं वाद घालायला नको. ह्यांचा फोन सणाच्या धांदलीत टेम्पोतच पडून असतो, हे मला ठाऊक होतं. सगळा विचार केला होता. एवढा बारीक विचार मी माझ्या लग्नाआधी केला असता तर बरं झालं असतं, असं हे पुढं म्हणाले.

एकाच गोष्टीचा विचार केला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी पुरण शिजत होतं. सासूबाई ओसरीवर झेंडूचं तोरण ओवत बसल्या होत्या. दारात शेजारच्या भाभी आल्या. डोक्यावरून पदर, डोळे लाल, हातात झाकलेलं पातेलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच कुंपण, आणि त्यालाही मध्ये वाट पडलेली. भाभी ओसरीपाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"कोन गेलं गं?" सासूबाईंनी सुई वर धरून विचारलं. पातेलं आणि डोळे बघून त्यांनी ओळखलं, कुठंतरी मयत आहे.

भाभींना बोलवेना. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही."

"मी?"

"मोबाईलवर आलंय, अम्मा. फोटो पण आहे."

झालं होतं असं की व्यवस्थापकानं संघाला सांगितलं, संघातल्या कुणी आमच्या राहात्याच्या मंडळातल्या मित्राला सांगितलं, आणि मंडळाच्या पोरांनी म्हातारीचा फोटो शोधून, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहून, सगळ्या गावाला धाडला. भाभींनी तो दाखवला. सासूबाईंनी मोबाईल लांब धरून नीट बघितला.

"हा लग्नातला फोटू हाय. ह्यात माजा एक डोळा मिटलाय. मेल्यावर तरी बरा लावायचा." मग पातेल्याकडं बोट केलं. "ह्यात काय हाय?"

"पिठलं. भाकरी पण आणलीय."

ज्या घरात मयत होतं तिथं चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे असं जेवण आणतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. भाभींनी शेजारधर्म पाळला होता.

"ठिव हितं," सासूबाई म्हणाल्या. "पुरन मला बादतंच." आणि त्यांनी खरंच भाकरी मोडली. स्वतःच्या मरणाचा कडू घास स्वतः खाणारी बाई मी एकच बघितली. मी उंबऱ्यात पळी घेऊन उभी. माझ्या मागं पुरणाची वाफ, चुलीचा धूर चांगला छपराच्या वर गेलेला. त्या खाता खाता माझ्याकडं बघत होत्या. म्हातारी लिहायला शिकली नव्हती, पण माझा चेहरा तिला वाचता यायचा.

भाभी गेल्यावर म्हणाल्या, "सूनबाई, हितं ये. तू केलंस?"

"हो."

"कशापायी?"

"पालखीसाठी. म्हटलं तो येईल, खांदा देईल."

त्यांनी तोरणाचा धागा दातानं तोडला. मग अगदी हळू विचारलं, जसं लहान पोराला बेरीज विचारतात तसं:

"सुतकात पालखीला हात कसा लावंल गं त्यो?"

गावाला शास्त्र सांगणारी मी. ज्या घरात मयत त्या घराला सुतक. सुतकात सण नाही, देवाला शिवायचं नाही, पालखी तर लांबच. पोराला पालखीखाली आणण्यासाठी मी असं कारण शोधलं होतं की ज्या कारणानं त्याला पालखीच्या आसपासही फिरकता येणार नव्हतं. पुरण खाली लागल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

गुरव दुपारी आले. म्हातारी जिवंत बघून त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, चूक झाली, कुणीतरी चुकीचं कळवलं, खांदा आमचाच ठेवा. ते भले माणूस. पण म्हणाले, "वहिनी, गावात शब्द फिरला. तुमच्या भावकीलाही सुतक, म्हणून सकाळीच सगळ्यांनी ठरवून मान यंदा वरच्या आळीला दिला. त्यांनी फेटे बांधलेत. आता त्यांना उतरवायला कोण सांगणार? यंदा राहू द्या."

मग सासूबाईंकडं वळून म्हणाले, "आजी, तुम्ही सुखरूप आहात, हेच मोठं."

"कुनाला?" सासूबाई म्हणाल्या.

पोरगा तोपर्यंत शिर्डीच्या विमानतळावर उतरला होता. ते विमान दर्शनाला येणाऱ्यांनी भरलेलं. वर हवेत सगळे नामघोष करत होते आणि हा खिडकीला तोंड लावून रडत होता, हे त्यानं मला नाही, भाभींच्या मुलाला सांगितलं. घरी फोन लागत नव्हता. त्यानं विचार केला, वडील बाजारात असतील, त्यांना तरी कळलंय की नाही, आणि तो आधी फुलांच्या बाजाराकडं गेला. आमचे हे फुलं तोलत ताजव्यापाशी उभे, गुडघ्यापर्यंत झेंडू. पोरानं गर्दीत जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाला, "आजी गेली."

हे म्हणाले, "कुठं गेली? सकाळी मला तिनंच चहा दिला."

एवढंच. पुढचं भाभींचा मुलगा सांगतो. टेम्पो तोच चालवायचा. तो म्हणाला, "काका फुलं तोलत राहिले आणि दादा पिशव्या भरायला लागला."

दोघं दिवस कलताना घरी आले. पोरगा आत आला, आजीपाशी गेला, तिच्या दंडाला हात लावून बघितला आणि बाजूला बसला. मला काही बोलला असता, ओरडला असता, तर मी उत्तरं तयार ठेवली होती. चांगली उत्तरं होती. एकही वापरायला मिळालं नाही. तो पाटावर बसला, पोळी वाढली तशी खाल्ली, करपलेल्या पुरणाचं नावही काढलं नाही.

मीच म्हटलं, "सणाच्या दिवशी आईबापाजवळ असावं माणसानं. खेळ काय, रोजचाच आहे."

ह्यांनी घास खाली ठेवला. "अगं, लग्न झाल्यापासून मी एका तरी दसऱ्याला दुपारी ह्या घरात जेवलो का? मला कधी नाही म्हणालीस, की सणाला फुलं विकू नका."

"ते पोटासाठी आहे."

"मग हा काय गंमत करायला गेला होता?"

मी पोराच्या पोळीवर आणखी तूप वाढलं. आमच्या गावच्या जत्रेत चैत्रात कुस्त्यांचा हगामा होतो. लांबून मल्ल येतात, इनाम ठरवून येतात, देवीच्या दारात मातीत लोळतात, आणि आम्ही बायका माडीवरून बघतो. पैसे घेऊन सणाला खेळणं पाप असेल तर आमची देवी दर चैत्रात डोळे झाकून घेत असली पाहिजे. भाभींचा मुलगा ईदला नमाज पढून, शीरखुर्मा खाऊन दुपारी आमच्याच टेम्पोवर यायचा, कारण दुसऱ्या दिवशीची फुलं थांबत नाहीत. मी एकदा भाभींना म्हटलं होतं, "आज तरी ठेवून घ्यायचं त्याला." त्या म्हणाल्या, "मी ठेवून घेतलं तर तुमची फुलं कोण नेणार?" मी हसले होते. त्या नाही हसल्या.

संध्याकाळी पालखी गेली. आमच्या दारावरून जाताना थांबायची असते, ती थांबली नाही, सुतकाचं घर म्हणून. म्हातारी जिवंत आहे ही बातमी म्हातारी मेल्याच्या बातमीइतकी जोरात पळाली नव्हती. वरच्या आळीची पोरं दांडीखाली होती. मागून, जरा लांबूनच, चुलत जाऊबाई चालत होत्या, त्यांची ती चाल. या खेपेला देवी त्यांच्याही पोटची नव्हती, पण सवय. मी दाराआड उभी राहून बघितलं.

सोनं द्यायला कुणी आलं नाही. दर दसऱ्याला आपट्याच्या पानांचा ढीग पडतो आमच्या ओसरीवर. त्या दिवशी मी काढून ठेवलेला पानांनी भरलेला हारा तसाच राहिला. सासूबाईंनी आपल्या हातानं पोराला एक पान दिलं. "घे. मेलेल्या मानसाचं सोनं हाय, जपून ठिव."

तो हसला. त्या दिवसभरात तेवढंच.

मग आजीच म्हणाली, "लाव तुजा खेळ." आम्ही टीव्ही लावला. त्याच्या जागी दुसरा एक उंच मुलगा उतरला होता. तेव्हा कुठं मला कळलं की ती जागा कुणाची होती. सांगितलं तेही त्यानं आजीला, माझ्याकडं न बघता. "आज मी होतो तिथं." तो मुलगा चांगला खेळला. फार चांगला खेळला. आमचा त्याला एकेका चढाईला शाबास म्हणत होता, तोंडातल्या तोंडात, आणि त्याचे पाय जमिनीवर हलत होते, जसे झोपेत कुत्र्याचे हलतात. मी उठून भांडी घासायला गेले. सणाच्या दिवशी, दिवेलागणीला. तेही शास्त्रात बसत नाही.

तो लगेच परत गेला. व्यवस्थापकाला त्यानं खरं सांगितलं. त्याला खोटं सहन होत नाही, ते त्यानं कुणाकडून घेतलं कोण जाणे, माझ्याकडून नक्कीच नाही. उरलेल्या हंगामात तो उंच मुलगाच खेळला. पुढच्या वर्षीच्या बोलीत आमच्या मुलाचं नाव कुणी घेतलं नाही. एका सामन्यानं असं होत नाही, हे मला पुष्कळांनी समजावलं. त्यानंही समजावलं. समजावणाऱ्याचा चेहरा मी बघत होते.

आता तो लांबच्या एका गावात शाळेतल्या मुलांना कबड्डी शिकवतो. दसऱ्याला येत नाही. त्या दिवशी त्याच्या मुलांच्या स्पर्धा असतात असं सांगतो. असतीलही. मी विचारत नाही.

घरात कुणी टीव्हीवर सणाचा सामना लावला आणि वाद निघाला, की खेळावं की खेळू नये, तर सगळे माझ्याकडं बघतात आणि गालात हसतात. मी म्हणते, मला अजूनही वाटतं खेळू नये. वर्षातून एक दिवस पोरांना घरी सोडावं. पण कुणाचा सण धरायचा आणि कुणाचा सोडायचा हे मला सांगता येत नाही, आणि तारखा ठरवणाऱ्यांचा दसरा घरीच होतो, एवढं कळतं. मग पोरालाच विचारावं, राहतोस की जातोस, आणि तो जे म्हणेल ते ऐकावं. हे शहाणपण मी आज सांगते. मी त्याला विचारलं होतं. त्यानं सांगितलंही होतं.

त्या दसऱ्यानंतर आमच्याकडं एक नवा रिवाज पडला. त्याचा फोन आला की तो आधी म्हणायचा, "फोन आजीला दे." मी द्यायची. सासूबाई कानाला लावून मोठ्यानं म्हणायच्या, "हाय. अजून हाय. तुज्या आईच्या म्हनन्यावर मी मरत न्हाई." मग दोघं हसायचे, मग फोन माझ्याकडं यायचा, आणि तो विचारायचा, पाऊस कसा आहे, फुलं कशी आहेत. सुरुवातीला मला ते लागायचं. पुढं सवय झाली. पुढं तर वाटायला लागलं, चला, माझ्या मूर्खपणानं नातवाला आणि आजीला रोज हसायला एक निमित्त तरी दिलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. सण नव्हता, वार नव्हता, मळ्यात फुलंही तोडायला आलेली नव्हती. सकाळी उठल्या, तोंड धुतलं, म्हणाल्या, जरा पडते, आणि पडल्या त्या पडल्याच. भाभी कुंपणातून धावत आल्या, त्यांनीच डोळे मिटले. दोन्ही नीट मिटले.

मी ओसरीवर आले. तिची सुई अजून खांबाच्या फटीत खोवलेली होती. पोराला फोन लावला. मागं मुलांचा गलका ऐकू येत होता, शिट्टी वाजत होती, त्याचा कुठलातरी सामना चालू असावा. मी काही पाठ केलं नव्हतं. म्हटलं, "बाळा, आजी गेली रे."

तिकडं शिट्टी थांबली. तो हसत नव्हता, चिडलाही नव्हता. नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"आई, फोन आजीला दे."